भारंबेकाकांचा उलटा माउस

भारंबेकाका कुणाच्या घरी कॉम्प्युटर बघायला गेले, की चहाआधी, पाण्याआधी, पंख्याखाली टेकण्याआधी एक काम करतात. टेबलावरचा माउस उचलतात आणि उताणा झोपवतात. त्याच्या पोटातला लाल दिवा छताकडे बघत राहतो. मग काका खांद्यावरची पिशवी खाली ठेवून म्हणतात, "हां. आता बोला."

बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातल्या आमच्या गल्लीत याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. माउस उलटा दिसला की समजायचं, काका आलेत, आता दोन तास ही खोली त्यांची. माउसवर एवढा राग का, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. "राग नाही गं बेटा," ते म्हणाले, "पण माउस धरला की माणूस नुसतं बोट दाखवतो. हे दे, ते दे. अरे, लिहून सांग ना मशीनला, तुला काय पाहिजे ते! मशीन काय तुझी नोकर आहे का?"

सुधाकर भारंबे हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे जळगावकडचे. वडील इकडे मध्य प्रदेशात कागद मिलमध्ये कामाला लागले, मग हेही त्याच मिलमध्ये चिकटले आणि सगळी नोकरी कागदाच्या मशीनवर काढून निवृत्त झाले. मग बऱ्हाणपूरला आमच्या समोरच्या घराचा वरचा मजला घेतला. उंची बेताची, आवाज बेताबाहेर. जन्मभर मशीनच्या धडधडाटात बोलल्यामुळे कानात सांगायची गोष्टसुद्धा ते गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशी सांगतात. त्यामुळे आमच्या गल्लीत गुपित असं काही उरलेलं नाही.

निवृत्तीनंतर मुलीने त्यांना आपला जुना कॉम्प्युटर दिला. तो सारखा अडकायचा. तो का अडकतो हे शोधता शोधता काकांना लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम भेटली आणि मग काका घरच्यांना भेटेनासे झाले. लिनक्स फुकट मिळतं असं कुणी म्हणालं, की काका त्याला तिथल्या तिथे उभा करून सुधारतात. "फुकट नाही, मुक्त! फुकटवाले तुम्हाला झाकण उघडून देतात का? नाही देत. हे देतात. उघडा, आत बघा, बदला, शेजाऱ्याला द्या. मिलमध्ये झाकणबंद मशीन मी कधी चालवली नाही, आता घरात कशाला ठेवू?"

लिनक्स एकच एक नसतं, लोक आपापल्या गरजेप्रमाणे त्याची वेगवेगळी जुळणी करतात, हे मला काकांमुळे कळलं. त्यांनीही स्वतःची एक जुळणी केली आणि तिचं नाव ठेवलं 'दराबा'. दराबा ही आमच्या गावची मिठाई. रवा, साखर, तूप, बस. बाकी सगळी करामत फेटण्याची. "हे पण तसंच आहे," काका म्हणाले. "सामान जगाचं, फेटणं माझं." गल्लीतल्या आठ-दहा घरांतल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरांवर त्यांनी हा दराबा चढवला आणि खरं सांगते, ती मरायला टेकलेली यंत्रं पुन्हा पळायला लागली.

फक्त एक गोम होती. दराब्यात नवीन काही घालायचं असेल, म्हणजे पत्त्यांचा खेळ म्हणा, चित्रं काढायचं काही म्हणा, तर काळा पडदा उघडून त्यावर आज्ञा टाइप करावी लागायची. ती कुणालाच पाठ होत नसे. मग काकांना फोन. काका पाच मिनिटांत हजर. सकाळी आठपासून इस्त्रीचा शर्ट अंगात असायचाच, नुसत्या चपला सरकवायच्या. माउस उलटा, काळा पडदा, आणि मोठ्याने एकेक अक्षर म्हणत केलेलं टायपिंग. तीन मिनिटांचं काम. उरलेला वेळ पोहे, चहा आणि मिलच्या गोष्टी. आमच्याकडे एकदा ते बुद्धिबळ चढवायला आले आणि जाताना गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक बदलून गेले.

मी शाळेत गणित शिकवते आणि आमच्या मराठी वाचनालयाची चिटणीस आहे. वाचनालयात सहा जुने कॉम्प्युटर धूळ खात होते. नवीन सिस्टिम त्यांना पेलेना. साहजिकच काका म्हणाले, दराबा चढवू. पण आमचे अध्यक्ष महाजनसाहेब कापडाचे दुकानदार. त्यांनी बैठकीत सरळ अट घातली.

"भारंबेसाहेब, मेरा सीधा हिसाब आहे. माणूस आला, त्याला जे पाहिजे त्याचं चित्र त्याने बघितलं, बटण दाबलं, झालं. प्रत्येक वेळी तुम्हाला बोलवायचं असेल तर नको. उद्या तुम्ही गावाला गेलात तर?"

"मी कुठे जाऊन राहिलो?" काका म्हणाले.

"तरी पण. गणपतीपर्यंत बटणवालं बसवा, नाहीतर सहाही डबे भंगारात."

बटणवालं म्हणजे ग्राफिकल इन्स्टॉलर. पडद्यावर दुकानासारखी मांडणी, एकेका प्रोग्रामचं चित्र, खाली दोन ओळी माहिती आणि बटण. असे इन्स्टॉलर बरेच असतात, त्यातला एक निवडायचा होता. मला वाटलं, एका संध्याकाळचं काम. काका म्हणाले, "एक महिना लागेल. ट्रायलशिवाय रोल बाहेर जात नाही." हे त्यांचं कागद मिलमधलं आवडतं वाक्य. मुलीच्या लग्नाच्या जेवणाच्या आदल्या दिवशीही त्यांनी आचाऱ्याला हेच ऐकवलं होतं.

ट्रायल द्यायची कुणी, तर सुमनबाईने. सुमनबाई आमच्या वाचनालयाची सर्वेसर्वा. राजघाटाकडून सायकलवर येते, शटर तीच उघडते, पुस्तकं तीच लावते, शटर तीच पाडते. वाचकाला कॉम्प्युटरवर काही हवं असेल तर पासवर्ड घालून ते तीच देणार होती. कॉम्प्युटरला तिने तोवर फक्त फडक्याने हात लावला होता. काकांच्या मते यापेक्षा चांगला परीक्षक मिळणार नव्हता, आणि हे त्यांचं म्हणणं मात्र मला पटलं.

पहिला इन्स्टॉलर फार देखणा होता. मोठमोठी चित्रं, चांदण्या, लोकांचे अभिप्राय. सुमनबाईने बटण दाबलं आणि पडद्यावर एक चकती फिरू लागली.

"साहेब, हे तर नुसतं घुमूनच राहिलं."

"थांब, येईल." काका पाठीमागे हात बांधून उभे होते. ट्रायलमध्ये बोलायचं नाही, हा नियम त्यांचाच. पण चकती थांबली तशी सुमनबाई गोंधळली आणि काका ओरडले, "डावीकडे! डावीकडे बघ! वर! त्याच्यावर नाही!"

"तुम्ही बोलू नका ना," मी म्हटलं.

"मी कुठे बोलून राहिलो?"

निर्मलाकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, चिवड्याचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी माठातलं पाणी ग्लासात घेतलं आणि नवऱ्यापुढे धरलं. "तोंडात धरा. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. तिचं काम होईस्तोवर."

छत्तीस वर्षांच्या संसारात काकूंना हा उपाय त्या दिवशी सुचला, याची हळहळ त्या अजून करतात. काका गाल फुगवून उभे राहिले. अर्ध्या मिनिटात त्यांनी घोट गिळला आणि सांगितलं, "खाली बघ, खाली!" काकूंनी ग्लास पुन्हा भरला. त्या दुपारी काका एकूण दीड तांब्या पाणी प्यायले आणि तो इन्स्टॉलर नापास झाला. कारण जुन्या यंत्राला तो झेपत नव्हता, आणि शिवाय त्याच्या दुकानात मुक्त नसलेल्या वस्तूही सर्रास मांडलेल्या होत्या. "माझ्या दराब्यात झाकणबंद माल दिसणार नाही," काकांनी जाहीर केलं. महाजनसाहेब म्हणाले, दुकानात सगळा माल ठेवावा लागतो. त्यावर दोघांचं जे वाजलं ते इथे लिहीत नाही.

दुसरा इन्स्टॉलर हलका होता, पण त्यात चित्रच नव्हतं. हजारो नावांची यादी, प्रत्येकासमोर चौकट. सुमनबाईने भीत भीत एका चौकटीत खूण केली तर त्याने विचारलं, यासोबत आणखी अमुक इतक्या वस्तू निघून जातील, चालेल का? सुमनबाईने खुर्ची मागे ढकलली. "माझ्या हातून काही गेलं तर मी भरून देऊ शकणार नाही, साहेब." नापास.

तिसरा इंग्रजीच बोलायचा. चौथा मधेच मिटून जायचा. पाचव्याचं बटण फार खाली होतं. सहाव्याचा रंग काकांना आवडला नाही. गणपती दहा दिवसांवर आले आणि माझा तोल सुटला. मी काकांच्या घरी गेले आणि उभ्या उभ्याच म्हटलं, "काका, रंग? रंगावरून नापास? तुम्हाला निवडायचंच नाहीये. तुम्हाला त्या बटणाने कमीपणा येतो. सहा कॉम्प्युटर भंगारात गेले तरी चालतील, पण तुमचा काळा पडदा राहिला पाहिजे, हो ना?"

भारंबेकाका गप्प बसले. तोंडात पाणी नसताना गप्प बसलेले ते मी पहिल्यांदा पाहिले. मी तरातरा जिना उतरायला लागले.

"वंदना, थांब जरा." काकू मागून आल्या. त्यांच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा होता. जिन्यातच बसून त्यांनी तो उघडला. आत पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या, थप्पीच्या थप्पी. प्रत्येकीवर घाईघाईत लिहिलेली तीच ओळ: 'मशीन बंद है. तुरंत आइए.'

"आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो ना, तेव्हा मशीन बंद पडली की मिलचा माणूस सायकलवर ही चिठ्ठी घेऊन यायचा," काकू म्हणाल्या. "सण नाही, सुट्टी नाही. घंटी वाजली की हे ताटावरून उठायचे. शिव्या देत उठायचे गं! 'हे लोक मला जेवू देत नाहीत!' पण चेहरा बघायचा होतास तू. लग्नाचं बोलावणं आल्यासारखा. रिटायर झाले अन् घंटी बंद झाली. ते पहिलं वर्ष कसं काढलं ते माझं मला माहीत. सकाळी आठला इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. मी म्हणायची, कुठे जाऊन राहिले? म्हणायचे, कुठे नाही, असंच. मग हे लिनक्स आलं, अन् गल्लीतून फोन यायला लागले. आता तूच सांग. ते बटण बसलं तर यांना कोण बोलावेल?"

"मग काय करायचं, काकू? नको बसवू या?"

"बसवावं तर लागेलच. ते पण समजून राहिले. बस, जीव होत नाही त्यांचा."

मला फार वाईट वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली. सहा वर्षं समोर राहून मला तो सकाळचा इस्त्रीचा शर्ट दिसत होता आणि मी त्यांच्या टापटिपीचं कौतुक करत होते.

दुसऱ्या दिवशी काका आपणहून वाचनालयात आले. पिशवीतून त्यांनी सातवा इन्स्टॉलर काढला, एका कॉम्प्युटरवर चढवला आणि सुमनबाईला बोलावलं. हा साधा होता. वर चार कप्पे: लिहायला, ऐकायला, खेळायला, शिकायला. सगळं मराठीत. चित्रं लहान, पण स्वच्छ. बटणावर लिहिलेलं, 'बसवा'. काकांनी स्वतःच ग्लास भरून घेतला, तोंडात पाणी धरलं आणि हात मागे बांधून उभे राहिले.

सुमनबाईने 'शिकायला' उघडलं. थोडा वेळ तिने सगळी चित्रं पाहिली. मराठी टायपिंग शिकवणाऱ्या एका प्रोग्रामवर कीबोर्डचं चित्र होतं, ते तिने निवडलं. बटण दाबलं, पासवर्ड विचारला तो एका बोटाने घातला. एक पट्टी हळूहळू भरत गेली. मधे ती चुकून मागे गेली, मी बोलणार होते, पण काकांनी हातानेच मला थांबवलं. ती पुन्हा आपली आपण पुढे आली. पट्टी भरली आणि पडद्यावर 'उघडा' असं बटण आलं.

"झालं?" सुमनबाईने मागे वळून विचारलं. "साहेब, हे मीच केलं?"

काकांनी मान हलवली. गाल अजून फुगलेले होते. घोट न गिळता ते बाहेर ओट्यावर गेले, पाणी कडेच्या कुंडीत टाकलं आणि बराच वेळ आत आलेच नाहीत. मी बाहेर गेले तर ते माझ्याकडे न बघता, त्यांच्या मानाने अगदी हळू आवाजात म्हणाले, "हा नवीन नाही गं. पहिल्या दराब्यात हाच होता. आयता आला होता सामानासोबत. मीच काढून टाकला."

"काढून टाकला?"

"अगं, तो ठेवला असता तर तू बुद्धिबळासाठी मला बोलावलं असतंस का?"

मी नुसतं म्हटलं, "काका, चहा घ्या," आणि आम्ही दोघांनी ओट्यावर उभ्यानेच चहा घेतला.

गणपतीच्या आधी सहाही कॉम्प्युटर सुरू झाले. महाजनसाहेबांनी एकावर नारळ फोडायचा आग्रह धरला होता, तो कसाबसा जमिनीवर फोडून घेतला. पण काका तिथे थांबले नाहीत. एका माणसाला दिलं ते दुसऱ्याला न देणं त्यांच्या हिशेबात बसेना. ते आपणहून गल्लीतल्या दराबावाल्या प्रत्येक घरी गेले, काळ्या पडद्यातून ते दुकान बसवलं, घरातल्यांना बटण दाखवलं, आणि निघताना माउस उचलून सरळ करून ठेवला. आमच्याही घरी.

त्यानंतर फोन थांबले. लोक काही वाईट नव्हते. ज्याला हवं ते तो बटण दाबून घेत होता, एवढंच. एक दिवस सकाळी दहाला काका मला गॅलरीत बनियनवर दिसले. मला ते बघवेना. मी आमच्या कॉम्प्युटरची मागची वायर काढली आणि काकांना फोन केला, "काका, सुरूच होत नाहीये हो."

काका आले. टेबलाखाली वाकले. वायर लावली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ही तू काढलीस की स्वतः निघाली?" मी चहा टाकायला वळले. "बेटा, खोटं ब्रेकडाउन आम्ही मिलमध्ये शिफ्टशिफ्टला पाहिलंय," ते म्हणाले. माझी पाठ थोपटली आणि चहा न घेता गेले.

हे सगळं, काकूंचा तो डबा, त्या चिठ्ठ्या, मी एकदा पुस्तकं लावता लावता सुमनबाईला सांगून टाकलं. ती त्या दिवसांत दुपारी वाचक नसताना दोन बोटांनी टायपिंग शिकत होती. मध्येच एखादं पान प्रिंटरमधून काढायची, बघायची आणि फाडून टाकायची.

दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी साडेबाराला काकूंचा फोन आला. मागे काहीतरी आदळआपट चालू होती.

"वंदना, अगं, सुमन आली होती सायकलवर. खाली उभं राहून घंटी वाजवून राहिली, वाजवून राहिली. हे नुकते जेवायला बसले होते. तिने वर येऊन चिठ्ठी दिली. छापलेली! थांब, वाचून दाखवते. 'मशीन चालू है. तुरंत आइए.'"

"मग?"

"मग यांनी विचारलं, काय बिघडलं? ती म्हणे, काही नाही बिघडलं साहेब. सहाच्या सहा चालू आहेत, सहाही खुर्च्या भरल्या आहेत, म्हणून बोलावलं. येऊन बघा तर."

"आणि काका?"

"उठले ना ताटावरून! 'हे लोक मला जेवू देत नाहीत!' अख्ख्या गल्लीने ऐकलं असेल. तुला नाही ऐकू आलं?" काकू हसत होत्या की रडत होत्या, ते फोनवर कळेना.

"इस्त्रीचा शर्ट घातला का?" मी विचारलं.

"दोन घालून पाहिले," काकू म्हणाल्या. "आता तिसरा शोधून राहिले."